हृदयरुग्णातील लपलेला मधुमेह : तपासणीतील या चुका टाळा

हृदयविकाराच्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘मधुमेह : नाही’ अशी नोंद असते, तेव्हा पुष्कळदा तिचा अर्थ एवढाच असतो की त्याला विचारले आणि तो ‘नाही’ म्हणाला. स्वीडनमधील एका अभ्यासात (२००२) झटका येऊन गेलेल्या, पण मधुमेहाची नोंद नसलेल्या रुग्णांना घरी सोडण्यापूर्वी ग्लुकोज पाजून तपासले, तेव्हा ३१ टक्के जणांना मधुमेह निघाला; तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावरही हे प्रमाण २५ टक्के होते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे उपाशीपोटीची साखर ठीक आली की विषय मिटला असे समजणे. उपाशीपोटी १०४ असलेल्या रुग्णाची साखर ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २२० असू शकते, कारण रात्रभर साखर आवरून धरणारे शरीर अचानक आलेला भार पेलताना कमी पडते. म्हणून प्रत्येक हृदयरुग्णाची उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (मागील काही महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) पाहावी, आणि दोन्ही सीमारेषेवर असतील किंवा एकमेकींशी जुळत नसतील तर ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट, म्हणजे ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजण्याची तपासणी, करावी.

ही टेस्टही बरेचदा बिघडवली जाते. रिपोर्ट चांगला यावा म्हणून रुग्ण आधीचे तीन दिवस बेताने जेवतो, वास्तविक त्या दिवसांत नेहमीसारखा पिष्टमय आहार घ्यायला हवा. किमान आठ तास उपाशी राहून ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी पाच मिनिटांत संपवायचे आणि पहिल्या घोटापासून दोन तास मोजायचे. तेवढा वेळ बसून राहायचे. चहा, सिगारेट आणि ‘तोवर एक काम उरकून येतो’ हे तिन्ही वर्ज्य. जेवणानंतरची ‘पीपी’ तपासणी हा याला पर्याय नव्हे, कारण २०० ही निदानाची मर्यादा मोजून दिलेल्या ग्लुकोजसाठी ठरवलेली आहे.

याच्या उलट चूक दाखल होतानाच्या आकड्यावरून होते. झटक्याच्या ताणाने साखर वाढते, त्यामुळे केवळ त्या आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारू नये, आणि ‘ताणाची साखर आहे’ म्हणून ती सोडूनही देऊ नये. एचबीए१सी मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते, ती ६.५ किंवा अधिक असेल तर साखर झटक्याच्या आधीपासूनच वाढलेली असण्याची शक्यता मोठी. मात्र बायपासच्या वेळी रक्त चढवले असेल, तर पुढील काही आठवडे तिच्यावर विसंबता येत नाही. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या ॲनिमियात ती खोटी वाढलेली दिसू शकते.

लक्षणे नसताना एकाच रिपोर्टवर निदान करू नये. एकाच वेळच्या रक्तात उपाशीपोटीची साखर १२६ किंवा अधिक आणि एचबीए१सी ६.५ किंवा अधिक आली, तर तेवढा पुरावा पुरतो. घरच्या ग्लुकोमीटरवर निदान होत नाही, लघवीतील साखरेवरही नाही. हार्ट फेल्युअरसाठी डापाग्लिफ्लोझिन हे औषध घेणाऱ्याच्या लघवीत मधुमेह नसतानाही साखर उतरते. तपासणीपूर्वी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) मनाने बंद करणे हा तर निव्वळ धोका आहे.

एक चूक कागदोपत्री घडते. एचबीए१सीचा रिपोर्ट कधी कधी रुग्ण घरी गेल्यावर येतो आणि लॅबमध्येच पडून राहतो. डिस्चार्ज कार्डावर ‘रिपोर्ट येणे बाकी’ असे लिहून, तो कोणत्या तारखेला कोणत्या डॉक्टरांना दाखवायचा, हेही तिथेच लिहून घ्यावे.