पंधरा सप्टेंबरच्या आधी: कॅम्पसवरच्या हिस्पॅनिक महिन्याची तयारी

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या ग्रुपवर ऑगस्टच्या शेवटी एक निरोप हमखास फिरतो. लॅटिनो विद्यार्थी संघटनेने हिस्पॅनिक हेरिटेज मंथसाठी, म्हणजे स्पॅनिश वारशाच्या लोकांच्या उत्सवमहिन्यासाठी, इंडियन असोसिएशनलाही बोलावलंय, आपण काय करायचं? उत्तर ठरलेलं असतं: दोन ट्रे समोसे आणि एक बॉलिवूड डान्स. तेवढंच करायचं असेल तर पुढचं वाचू नका. ज्यांना खरंच हातभार लावायचाय त्यांच्यासाठी ही यादी आहे. तिचं सूत्र एकच: कार्यक्रम त्यांचा आहे, काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि आपण खुर्च्या उचलण्यापासून सुरुवात करायची.

आधी कॅलेंडर उघडा. नाव ‘महिना’ असलं तरी तो १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असा मधूनच सुरू होतो, आणि त्याला कारण आहे. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका हे पाचही देश १८२१ साली १५ सप्टेंबरलाच स्पेनपासून स्वतंत्र झाले. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन दुसऱ्या दिवशी, १६ला. १८१० मध्ये दोलोरेस गावात मिगेल इदाल्गो या पाद्र्याने उठावाची हाक दिली, तो हा दिवस. १८ सप्टेंबर चिलीचा. अमेरिकन सरकारने १९६८ मध्ये, लिंडन जॉन्सन अध्यक्ष असताना, याचा आठवडा केला आणि १९८८ मध्ये रेगन यांच्या काळात त्याचा महिना झाला. या तारखा पाठ करायची गरज नाही, पण पोस्टर छापण्याआधी डोळ्यांखालून घाला. कारण दरवर्षी कुणीतरी या महिन्याच्या पोस्टरवर ‘सिंको दे मायो’ टाकतंच. तो ५ मे, १८६२ साली मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात फ्रेंच सैन्याचा पराभव झाला त्याची आठवण. त्याचा मेक्सिकोच्या स्वातंत्र्याशी संबंध नाही आणि सप्टेंबरशी तर नाहीच. तसंच रंगवलेल्या कवट्यांचं. त्या ज्या सणाच्या, तो मेक्सिकोतला मृतांचा दिवस १ आणि २ नोव्हेंबरला असतो, तोवर हा महिना संपलेला असतो. सप्टेंबरात तोंडाला कवटी रंगवून फिरणं म्हणजे निव्वळ हौस.

१२ ऑक्टोबरवर लाल खूण करा. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला तो दिवस. स्पेनमध्ये त्या दिवशी राष्ट्रीय सण असतो, पण लॅटिन अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या घरी त्या तारखेचं कौतुक कुणाला नसतं. ग्वाटेमालातून आलेल्या एखाद्या मुलीची घरची भाषा स्पॅनिश नसून माया भाषांपैकी एक असू शकते. पॅराग्वेत ग्वारानी रस्त्यावर बोलली जाते. त्या संध्याकाळी डीजे लावू नका. काही करायचंच असेल तर व्याख्यान किंवा चर्चा ठेवा, आणि तेही यजमान संघटनेला हवं असेल तर.

पहिल्या बैठकीला जाताना वही न्या आणि गप्प बसा. आपल्या कॅम्पसवर कोण कोण आहे ते विचारा. टेक्सस, कॅलिफोर्नियाकडे मेक्सिकन घरांतली मुलं जास्त असतील. मायामीत क्यूबन, न्यूयॉर्ककडे पोर्तो रिकन आणि डॉमिनिकन, वॉशिंग्टन शहराच्या आसपास साल्वादोरन. हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेच्या वारशाचे, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेचे. त्यामुळे ब्राझीलचा मुलगा लॅटिनो आहे पण हिस्पॅनिक नाही, आणि माद्रिदचा नेमका उलट. यातला कुठला शब्द पोस्टरवर घ्यायचा यावर त्यांच्यातच वाद असतात. त्यात पडू नका, ते म्हणतील तो छापा. सोंब्रेरो टोप्या, चिकटवायच्या मिशा, रंगीत पोंचो हे ऑनलाइन कार्टमध्ये असेल तर आत्ताच काढून टाका. ‘इंडियन नाइट’ म्हणून कुणी बटर चिकन, भांगडा आणि पगड्या मांडल्या की सोलापूरच्या पोराला जे वाटतं, तेच त्या टोप्या बघून होंडुरासच्या पोराला वाटतं.

झेंड्यांचं काम आपल्याकडे आलं (ते येतंच, कारण कुणालाच नको असतं) तर त्याला एक संध्याकाळ द्या. स्पॅनिश राजभाषा असलेले देश वीस. शिवाय पोर्तो रिको, जो अमेरिकेचा प्रदेश असला तरी स्वतःचा झेंडा अभिमानाने मिरवतो. वीसातला एक आफ्रिकेत आहे, इक्वेटोरियल गिनी, आणि तो हमखास राहून जातो. लावायचे तर सगळे लावा, नाहीतर एकही नको. आता घोळ कुठे होतो ते बघा. कोलंबिया, इक्वाडोर आणि व्हेनेझुएला या तिघांचे पट्टे पिवळा, निळा, लाल असेच. कोलंबियाचा कोरा, इक्वाडोरच्या मधोमध राजचिन्ह, व्हेनेझुएलाच्या निळ्या पट्ट्यावर ताऱ्यांची कमान. होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा तिघे निळा-पांढरा-निळा. पाच तारे दिसले की होंडुरास. आणि क्यूबा-पोर्तो रिको तर एकमेकांचे रंग पालटून घेतल्यासारखे: क्यूबाचे पट्टे निळे-पांढरे आणि त्रिकोण लाल, पोर्तो रिकोचे पट्टे लाल-पांढरे आणि त्रिकोण निळा. प्रत्येक झेंड्याच्या मागे पेन्सिलीने देशाचं नाव लिहून ठेवा. टांगताना शिडीवरच्या माणसाला खालून ओरडून सांगावं लागत नाही.

कागदपत्रांची कामं कंटाळवाणी आहेत पण कार्यक्रम तिथेच बुडतो. हॉलचं बुकिंग, बाहेर लाउडस्पीकर लावायचा असेल तर त्याची वेगळी परवानगी, पाऊस आला तर आतली जागा, बाहेरचं जेवण आणायला विद्यापीठ देतं का याची चौकशी. कित्येक कॅम्पसवर केटरिंगचा ठेका एकाच कंपनीकडे असतो आणि घरचं शिजवलेलं वाढायला वेगळा फॉर्म लागतो. सिनेमा दाखवायचा असेल तर कुणाच्या तरी घरच्या सबस्क्रिप्शनवर लावून चालत नाही, सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क घ्यावे लागतात. लायब्ररीत विचारा, त्यांच्याकडे काही सिनेमांचे आधीच असतात. आपले गणपती किंवा नवरात्र बहुतेक वर्षी याच दिवसांत येतात, तेव्हा आपल्याच आरतीच्या संध्याकाळी त्यांचा मोठा कार्यक्रम नाही ना, हेही आत्ताच बघून घ्या.

आता जेवण, म्हणजे आपल्या लोकांचा जिव्हाळ्याचा विषय. शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी: मांस दिसलं नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला असं नाही. घोटलेल्या राजम्यात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी पडते, पानात गुंडाळून वाफवलेल्या तामालेच्या मक्याच्या पिठातही तीच फेटलेली असते, आणि केशरी भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजतो. याबद्दल जेवणाच्या रांगेत नाक मुरडण्यापेक्षा ऑर्डर देतानाच विचारा. तेलातले तामाले मिळतात. एल साल्वादोरच्या पुपुसा, म्हणजे भरलेल्या जाड भाकऱ्या, नुसतं चीज किंवा राजमा भरून करतात (राजम्यात चरबी नाही ना, तेवढं विचारा) आणि सोबत कोबीचं आंबट कुर्तिदो देतात. व्हेनेझुएला-कोलंबियाच्या अरेपा मक्याच्याच. पेयांत दालचिनी घातलेली तांदळाची ओर्चाता आणि आग्वा दे हामाइका चालतील. हामाइका म्हणजे लाल अंबाडीच्या वाळवलेल्या बोंडांचं सरबत, कोकणातल्या माणसाला ओळख करून द्यावी लागणार नाही.

टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोची मक्याची पातळ भाकरी, स्वतः करून दाखवायची टूम निघाली तर इंडियन ग्रोसरीतलं मक्याचं पीठ नेऊ नका. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, सालं काढून मग दळतात. त्या चुन्यामुळे पीठ एकमेकांना धरतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. आपल्या पिठाची भाकरी थापताना कडा फुटतात, त्यांचं फुटत नाही, ते यामुळेच. ‘मासा हारिना’ लिहिलेली पिशवी घ्या. गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली राहायला हवेत, असा अमेरिकेतल्या अन्नसुरक्षा संहितेचा दंडक आहे. पदार्थात खुपसायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या, आणि तपासणीस आला तर खिशातून काढून दाखवा.

आपल्या टेबलावर काय ठेवायचं? माझं मत ठाम आहे: साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. स्पॅनिशमध्ये त्याला युका म्हणतात आणि तिथली पोरं तो तळून खातात. बटाटा अँडीज पर्वतातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. हिरवी मिरची मेक्सिकोकडची. कोलंबसाच्या आधी यातलं काहीही आपल्याकडे नव्हतं. उपासाला चालणारा इतका सोवळा पदार्थ, आणि त्यात देशी काय, तर जिरं आणि तूप. एका पुठ्ठ्यावर जगाचा नकाशा काढून चारही जिन्नसांचा प्रवास दाखवा, शेजारी वाटीत कच्चा साबुदाणा, बटाटा, दाणे, मिरची ठेवा. पेरू-बोलिव्हियाची मुलं बटाट्यापाशी थांबतील आणि तिथून गप्पा आपोआप सुरू होतील. ‘यात शेंगदाणे आहेत’ हे मात्र मोठ्या अक्षरांत लिहा. अमेरिकेत दाण्यांची ॲलर्जी हा जिवाशी खेळ असतो. दसऱ्याचा झेंडू उरला असेल तर तोही मांडा, तोही मेक्सिकोचाच.

त्याच टेबलावर एक फोटो असावा, पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा. वर्ध्याचा हा माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्यासारखाच अमेरिकेत शिकायला आला. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कॉलेजांत शेतकी शिकला, ब्रिटिशांविरुद्धच्या गदर चळवळीत पडला आणि पुढे मायदेशाची दारं बंद झाल्यावर १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोचला. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाला, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीत प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी रंगवलेल्या भित्तिचित्रांपैकी एकात पंगतीला भाकर वाटणाऱ्या माणसाला खानखोज्यांचा चेहरा आहे. भारताच्या स्वातंत्र्यानंतर ते परतले, १९६७ मध्ये नागपुरात वारले. मेक्सिकोशी मराठी माणसाचं नातं सांगायचं तर हे नाव पुरे. ‘आमच्याकडे पण टाको बेल आहे’ हे सांगायची गरज नाही.

गाण्यांची यादी यजमानांनाच करू द्या, पण प्रत्येक गाण्यापुढे देश लिहून मागा. मारियाची मेक्सिकोच्या खालिस्कोकडची, मेरेंगे आणि बचाता डॉमिनिकन रिपब्लिकचे, कुंबिया कोलंबियाची, आणि साल्सा क्यूबन-पोर्तो रिकन मुळांतून न्यूयॉर्कमध्ये घडलेला. कुणी एखादा तास नाच शिकवणार असेल तर हॉलची फरशी गुळगुळीत आहे ना ते बघा, गालिचावर साल्सा होत नाही. लाजाळू लोकांसाठी लोतेरिया ठेवा. आपल्या हाऊजीसारखाच खेळ, फक्त आकड्यांऐवजी चित्रं: कोंबडा, चंद्र, निवडुंग अशी ५४ पानं. पुकारणारा प्रत्येक पानाला एखादं यमक जोडतो, त्यामुळे तो त्यांच्यातलाच हवा. चित्र झाकायला राजम्याचे दाणे, एक किलो पुरतात.

भाषण एकच ठेवा आणि दहा मिनिटांच्या आत. विषय सुचवायला सांगितलंच तर डेलानो सुचवा. १९६५ साली ८ सप्टेंबरला कॅलिफोर्नियात डेलानोच्या द्राक्षबागांत फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या पुढाकाराने संप पुकारला. सेझार चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांची मेक्सिकन मजुरांची संघटना १६ सप्टेंबरला, म्हणजे मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनीच, त्यात उतरली. पाच वर्षं तो चालला. आधी संपावर गेलेले एका देशाचे, मागून आलेले दुसऱ्या देशाचे. आपल्यासारख्या मागून आलेल्यांनी ऐकावी अशीच ही गोष्ट आहे.

फोटोंचं आधी ठरवा. काही मुलांची किंवा त्यांच्या आईवडिलांची कागदपत्रं अपुरी असतात आणि चेहरा सोशल मीडियावर आलेला त्यांना परवडत नाही. दारात हजेरीसाठी नाव-गाव-फोन लिहायची वही ठेवू नका, डोकी मोजा, पुरे. ज्यांना फोटो नकोत त्यांना वेगळ्या रंगाचा स्टिकर द्या. आणि ‘तुझं स्टेटस काय?’ हा आपल्या व्हिसावाल्या मंडळींचा आवडता प्रश्न त्या संध्याकाळी तोंडातून काढू नका.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन तास आधी पोचा: चिकटपट्टी, कात्री, एक्स्टेंशन कॉर्ड, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या, उरलेलं न्यायला डबे. कातीव कागदाच्या पताका, पापेल पिकादो, पंख्याच्या झोतात फाटतात, त्या दारापासून लांब लावा. संपल्यावर फोटोसाठी नाही, झाडायला थांबा. वादकांचे आणि नाच शिकवणाऱ्यांचे पैसे विद्यापीठाकडून यायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून त्यांचे करासंबंधीचे फॉर्म त्याच रात्री भरून घ्या. १५ सप्टेंबर सत्र सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांत येतो आणि तेव्हा चांगले हॉल गेलेले असतात, तेव्हा पुढच्या वर्षीचं बुकिंग एप्रिलमध्येच टाका. नवीन पदाधिकारी निवडून येण्याआधी.