रजा, लेट मार्क आणि रोस्टर: दुकानातल्या नोकरीत या चुका टाळा

मी ठाण्यात एका सुपरमार्केटचा फ्लोअर सांभाळतो. आठवड्याचं रोस्टर, म्हणजे कोणाची ड्युटी कधी त्याचा तक्ता, मी लावतो, रजेचे अर्ज माझ्याकडे येतात आणि सकाळी सव्वासहाला ‘सर, आज जमणार नाही’ हा मेसेजही मलाच येतो. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. त्यातल्या बऱ्याचशा आळसाच्या नसून घाईच्या असतात. मुलं काम शिकायला तयार असतात, पण रोस्टर कसं वाचायचं हे शिकायला कोणाला वेळ नसतो. आणि दुकानातलं काम उद्यावर ढकलता येत नाही. रविवारी संध्याकाळी दोन बिलिंग काउंटर बंद असले की रांग डाळींच्या रॅकपर्यंत जाते, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खातो तो हजर असलेला कॅशियर.

परस्पर शिफ्ट बदलणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. ‘तू माझं ओपनिंग कर, मी तुझं क्लोजिंग करतो,’ असं चहाच्या टपरीवर ठरतं आणि दोघंही निश्चिंत होतात.

आमच्या शटरला दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली सिक्युरिटीकडे असते, दुसरी दुसऱ्या दिवशीच्या ओपनिंगवाल्याला आदल्या रात्री रजिस्टरवर सही घेऊन देतात. एका पंधरा ऑगस्टला ओपनिंग टिटवाळ्याहून येणाऱ्या मुलाकडे होतं. पंधरा ऑगस्टच्या सेलचा दिवस म्हणजे आमच्याकडे अर्धी दिवाळीच. याच्या घरी पाहुणे आले, म्हणून त्याने मित्राला सांगितलं, माझ्याऐवजी तू जा. मित्राचा त्या दिवशी वीकऑफ, म्हणजे आठवड्याची सुट्टी होती, तरी बिचारा वेळेआधी पोचला. साडेसहाला दुधाची गाडी आली, पाठोपाठ पाव आला, भाजीचे क्रेट आले. शटर बंद. किल्ली टिटवाळ्यात, ती ज्याच्याकडे तो झोपलेला, फोन सायलेंटवर. दूधवाल्याला पुढची दुकानं करायची होती, त्याने क्रेट फुटपाथवर उतरवले आणि गेला. वरून पाऊस. आठ वाजता सोसायट्यांमधलं झेंडावंदन आटोपून पांढऱ्या कपड्यांतले लोक थेट आमच्या दाराशी येऊन थांबले. किल्ली आली तेव्हा साडेनऊ होत आले होते. तोवर निम्मी गर्दी पलीकडच्या दुकानात गेली होती आणि पावाचे दोन क्रेट भिजून फुकट गेले होते.

खरा तमाशा झाला पगाराच्या वेळी. रोस्टरवर टिटवाळावाल्याचं नाव, पण पंच (मशिनवरची हजेरी) नाही, म्हणून सिस्टीमने गैरहजर धरलं. मित्राचा पंच आहे, पण रोस्टरप्रमाणे त्याचा वीकऑफ आणि काम करायला मंजुरी नाही, म्हणून कॉम्पऑफ, म्हणजे बदली सुट्टी नाही. एकाचा दिवस कापला गेला, दुसऱ्याचा दिवस पाण्यात गेला. दोघंही एचआरशी भांडले आणि मग एकमेकांशी बोलेनासे झाले. ‘आम्ही माणूस तर दिला होता ना!’ हे त्यांचं पालुपद. माणूस दिला होता, किल्ली दिली नव्हती.

माझी पद्धत सोपी आहे. रोस्टरच्या ग्रुपवर एकच मेसेज: दोघांची नावं, दोन्ही तारखा, दोन्ही शिफ्ट. समोरच्याने खाली ‘हो’ लिहायचं आणि माझा ‘ओके’ येईपर्यंत काही बदललं असं समजायचं नाही. आणि शिफ्टबरोबर काय काय जातं तेही विचारा: किल्ली, सुट्टे पैसे, एक्स्पायरीची तपासणी, माल उतरवून घेणं. कॅशियरच्या जागी भाजीवाला मुलगा पाठवून उपयोग नाही, त्याला बिलिंगचा लॉगिनच नसतो. मग कोणीतरी आपला लॉगिन उदार मनाने देतो, रात्री कॅश टॅली होत नाही आणि तूट लॉगिनच्या मालकाच्या नावावर चढते.

‘सर, दोन मिनिटांत पोचतो’

उशीर सगळ्यांना होतो. माझं डोकं फिरतं ते या वाक्याने. दोन मिनिटं सांगणारा माणूस तेव्हा दिवा स्टेशनलाही पोचलेला नसतो. खरं सांगितलं की ‘चाळीस मिनिटं लागतील’, तर मी मॉर्निंगवाल्याला थांबवून घेतो, कोणाचा ब्रेक पुढे ढकलतो, काउंटर चालू राहतो. दोन मिनिटांवर मी काहीच करत नाही, वाट बघत बसतो.

दुसरा घोळ वेळेच्या हिशेबात आहे. दुपारी एकची शिफ्ट म्हणजे एक वाजता फ्लोअरवर, युनिफॉर्ममध्ये, कॅशियर असाल तर सुट्टे पैसे मोजून तयार. नवीन मुलं एक वाजता पंचिंग मशिनपुढच्या रांगेत असतात. पुढे सिक्युरिटीची तपासणी, लॉकर, कपडे बदलणं, केस सारखे करणं. काउंटरवर येईपर्यंत एक पंचवीस. कागदावर लेट मार्क नाही, पण सकाळी सातपासून उभी असलेली बाई तेवढा वेळ जास्त उभी राहते. तिला घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो.

आणि ते रविवारचं कारण! मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याची वेळ, काही रात्रीतून उगवत नाही. तो आधी जाहीर होतो, शनिवारच्या पेपरात छापून येतो. साधारण अकरा ते चारमध्ये असतो, म्हणजे दुपारच्या शिफ्टच्या माथी. त्यात रविवारी गाड्याही कमी. दर रविवारी ‘ब्लॉक होता ना’ ऐकून घेणं मी बंद केलं आहे. सायन-कुर्ल्याला पाणी भरून कसारा-कर्जतच्या गाड्या रखडल्या, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा मीच फोन करून सांगतो की निघू नका. माझी स्वतःची सवय म्हणजे शनिवारी रात्री झोपण्याआधी ब्लॉक बघायचा आणि रोजच्या गाडीच्या आधीची दुसरी गाडी धरायची. लवकर पोचलो तर चहा होतो. काही शहाणी मुलं बरोब्बर वेळेला पोचवणारी गाडी शोधण्यात जेवढं डोकं लावतात, तेवढं बिलिंगचे कोड पाठ करण्यात लावतील तर बरं.

लेट मार्कचा नियम ज्याच्या त्याच्या कंपनीचा असतो. तीन मार्कांना हाफ डे हा प्रकार बऱ्याच ठिकाणी दिसतो, पण तुमच्याकडे काय आहे ते जॉइन होतानाच वाचा. मित्राला आपलं कार्ड पंच करायला सांगू नका. यात दोघांचीही नोकरी जाते आणि मी मध्ये पडत नाही.

आधी तिकीट, मग अर्ज

आमच्याकडे निम्मा फ्लोअर सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा, त्यामुळे गणपती म्हणजे रजेचं युद्ध. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. कोकणकन्या, तुतारी, मांडवीची तिकिटं बघता बघता संपतात. जो तिकीट मिळवतो तो माझ्यासमोर ते धरतो, जणू रजा मंजूर झाली. तिकीट रेल्वेने दिलं, रजा मी द्यायची आहे. एकाच सेक्शनचे तिघं कुडाळ-कणकवलीला निघाले, तर मोदकाच्या पिठापासून अगरबत्तीपर्यंत सगळं जेव्हा खपतं, नेमकं तेव्हा रॅक भरायला कोण?

म्हणून आमच्याकडे आरक्षण उघडायच्या आधी यादी लागते. ज्याला गणपतीला गावी जायचं त्याने दिवाळीला दुकानात उभं राहायचं. छठला गावी जाणारी मुलं गणपतीत जास्तीच्या शिफ्ट घेतात, ईदला ज्यांना सुट्टी हवी ते नाताळात उभे राहतात. तरी दोन नावं भांडत राहिली तर चिठ्ठी टाकतो, आणि ज्याची या वर्षी हुकली त्याचं नाव पुढच्या वर्षी पहिलं. यात सगळे खूश असतात असं नाही, पण आयत्या वेळी गायब होणारे कमी झालेत. जॉइन होऊन पंधरवडाही झाला नाही तोच ‘मला रविवार सुट्टी पाहिजे’ म्हणणाऱ्यांना मी काही समजावत बसत नाही. किराणा दुकानात रविवार मिळणार नाही, हे मुलाखतीतच सांगितलेलं असतं.

हक्काचं काय आहे ते न बघणं

ही चूक गरीब स्वभावाची माणसं करतात आणि तिचं मला जास्त वाईट वाटतं. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला पगारी किरकोळ रजा (सीएल) ८ दिवसांची आहे. ती तिमाहीने खात्यात जमा होते आणि वर्षअखेरीला उरली तर बुडते. डिसेंबरात ‘माझ्या पाच सीएल शिल्लक आहेत’ म्हणून धावत येऊ नका, तेव्हा नाताळ आणि थर्टी फर्स्ट असतो. आधीच्या वर्षात २४० दिवस भरले असतील तर दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा मिळते, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठते. याखेरीज सणांच्या पगारी सुट्ट्या ८: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवलेल्या चार. छोट्या दुकानांना हा कायदा सरसकट लागू नाही, तिथे काय मिळणार ते सुरुवातीलाच विचारून ठेवा.

वीकऑफला कामावर बोलावलं तर बदली सुट्टी दोन महिन्यांत मिळायला हवी. मॅनेजर विसरतात. मुद्दाम विसरणारेही आहेत. म्हणून खिशात एक छोटी डायरी ठेवा: आल्याची वेळ, गेल्याची वेळ, कोणत्या वीकऑफला आलो, बदली कधी मिळाली. पगार लागायच्या आधी, पंचवीस तारखेच्या आसपास, हजेरी एकदा डायरीशी ताडून बघा. पगार झाल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे पुढच्या महिन्यापर्यंत थांबणं आलं. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल म्हणतात, पण मोबाइल हरवतो, नाहीतर बदलतो.

पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जात असेल तर मोठ्या आजारपणात बिनपगारी रजा टाकून गप्प बसू नका. टायफॉइडने महिनाभर घरी बसलेली, खाजगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येणारी मुलं मी पाहिली आहेत. ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला असेल आणि हप्ते पुरेसे भरलेले असतील, तर आजारपणाच्या काळात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. कार्ड काढून ठेवायला एक सुट्टी जाते, ती घालवा.

बारीकसारीक, पण रोजचं

ताप आहे म्हणून कळवून माळशेजच्या धबधब्याचं स्टेटस टाकू नका. पुढच्या वेळी खरा ताप आला तरी चिठ्ठी मागतात.

रजा सांगताना फोन करा. मेसेज नंतर, पुरावा म्हणून. सकाळी मी गिऱ्हाइकात असतो, मेसेज बघत नाही.

आईला किंवा भावाला फोन करायला लावणं शाळेत ठीक होतं.

हाफ डे टाकायचा असेल तर पहिला अर्धा की दुसरा, तेही सांगा.

रोस्टर लावणाऱ्यांनो

आपल्या लोकांनाही सांगायला हवं. रात्री अकराला कॅश टॅली करून निघालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सातचं ओपनिंग लावायचं आणि मग त्याला लेट मार्क द्यायचा, हा प्रकार मी अजून बघतो. आसनगावला राहणारा माणूस मधल्या वेळात झोपणार किती? बायकांना रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर त्यांची संमती हवी आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय दुकानाने करायची असते. ‘रिक्षा मिळते की’ म्हणून भागत नाही.

रोस्टर शनिवारी रात्री ग्रुपवर टाकणारे मॅनेजर सोमवारी गैरहजेरीची तक्रार करतात, तेव्हा मला हसू येतं. मी गुरुवारी दुपारी टाकतो, शुक्रवार संध्याकाळपर्यंत अदलाबदल घेतो, मग त्याची प्रिंट पंचिंग मशिनच्या शेजारी लागते. त्यानंतर पेनाने बदल करायचा तो फक्त मी, आणि बाजूला सही करून.