सरकारी कार्यालयात नेटवर्क केबल टाकताना: मोजणीपासून पावसाळ्यानंतरच्या दुरुस्तीपर्यंत

मुंबईतल्या सरकारी कार्यालयात संगणक काही वर्षांनी निर्लेखनात जातात, नेटवर्क स्विचही (संगणकांना एकमेकांशी जोडणारी पेटी) त्याच सुमारास बदलतात. छताआड गेलेली केबल मात्र पंधरा-वीस वर्षं जागची हलत नाही. तेवढ्यात अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, कार्यासनं मजला बदलतात, ठेकेदार बदलतो. म्हणून काम करताना एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवा: दहा वर्षांनी रॅकसमोर (सगळ्या केबल जिथे येतात ते कपाट) उभा राहणारा, तुम्हाला कधीही न भेटलेला तंत्रज्ञ. कोणती वायर कुठे जाते हे त्याला कोणालाही न विचारता कळलं पाहिजे.

आधी इमारत बघा

फोर्टातल्या दगडी इमारती आणि नंतरच्या आरसीसी इमारती यांची कामं वेगळी. दगडी इमारत वारसा यादीत असेल तर एकही भोक पाडण्याआधी लेखी परवानगी घ्या. मिळाल्यावरही ड्रिल दगडात न घालता दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात घाला. सांधा पुन्हा भरता येतो, फुटलेला दगड भरून येत नाही. शक्य तिथे स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टी न्या. आरसीसी इमारतीत बीम किंवा कॉलममध्ये कोअर कटिंग करायचं असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्याची सही हवीच. स्लॅबमध्येही सळई कापली जाणार नाही हे आधी तपासा.

रॅकची जागा ठरवताना वरच्या मजल्यावर काय आहे ते बघा. स्वच्छतागृह किंवा पॅन्ट्री असेल तर ती खोली सोडा. तळमजला टाळता येत नसेल तर जुन्या शिपायाला विचारा की २६ जुलै २००५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला होता आणि बऱ्याच इमारतींत त्या पाण्याची खूण आजही लोकांना आठवते. रॅकचा पाया त्या खुणेच्या वर घ्या.

राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. ड्रिलिंग, छत उघडणं, जुनी लाइन बंद करणं ही कामं शनिवार-रविवारवर घ्या. मात्र कामगारांची यादी, ओळखपत्रांच्या प्रती आणि खोल्या कोण उघडणार याचं पत्र बुधवारपर्यंत कार्यालयात पोहोचलं पाहिजे. हत्यारं आत नेताना गेटवर यादी नोंदवा, नाहीतर क्रिम्पिंग मशीन बाहेर काढताना अर्धा दिवस जातो.

मोजणी

एका मजल्यावर ६० टेबलं धरा. प्रत्येकी २ पॉइंट (केबल जोडायच्या जागा) म्हणजे १२०. शिवाय प्रिंटरसाठी ६, वायफायसाठी ६, कॅमेऱ्यांसाठी ८ आणि बायोमेट्रिक हजेरीसाठी २, एकूण १४२. रॅकपासून सर्वांत जवळचा पॉइंट १५ मीटर आणि सर्वांत लांबचा ६५ मीटर असेल तर सरासरी ४० येते. वळणांसाठी १० टक्के आणि रॅकमधल्या-पॉइंटवरच्या शिल्लक वळ्यासाठी ४ मीटर धरले की ४८ मीटर. हे अंतर छतावर चढून पुन्हा टेबलापर्यंत उतरणाऱ्या मार्गाचं असलं पाहिजे, नकाशावरच्या सरळ रेषेचं नव्हे.

इथे हमखास एक चूक होते. १४२ गुणिले ४८ म्हणजे ६,८१६ मीटर, भागिले ३०५, म्हणून २३ बॉक्स, असा हिशेब मांडला जातो. पण बॉक्समधला उरलेला तुकडा जोडून पुढे वापरता येत नाही. ३०५ मीटरच्या एका बॉक्समधून ४८ मीटरच्या ६ ओढी निघतात आणि १७ मीटर उरतात. १४२ भागिले ६ केलं की २४ बॉक्स लागतात. उरलेले तुकडे, लांबी पुरत असेल तरच, रॅकजवळच्या पॉइंटना वापरा.

२४ पोर्टचे ६ पॅच पॅनेल (केबलची टोकं रॅकमध्ये जिथे बसतात त्या पट्ट्या) घेतले तर १४४ पोर्ट होतात आणि हातात फक्त २ उरतात. ७ घ्या. सरकारी कार्यालयात नवीन टेबल येणारच.

साधारण कामाला कॅट ६ दर्जाची केबल पुरते: पूर्ण तांब्याची, २३ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप). १० गिगाबिट पूर्ण १०० मीटरवर हवं असेल तर कॅट ६ए लागते. कॅट ६ वर ते फार तर ५५ मीटरपर्यंत धरा. वेष्टण एलएसझेडएच मागा, म्हणजे जळताना धूर कमी आणि आम्लवायू नाही. खरेदी जीईएम या सरकारी खरेदी पोर्टलवरून होवो की लॅमिंग्टन रोडवरून, बॉक्स उघडून वायरचं टोक चाकूने खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. तो माल परत करा. त्याची रोधकता जास्त, पीओईचा (डेटा केबलमधूनच उपकरणाला वीज देण्याचा) भार आला की तापतो, आणि जॅकमध्ये पंच केलेल्या (दाबून बसवलेल्या) जागी काही महिन्यांत तुटतो.

ओढताना

केबलवर ११ किलोपेक्षा (११० न्यूटन) जास्त ताण नको. दोन माणसांनी जोर लावावा लागत असेल तर पाइपात अडथळा आहे; थांबा, मागे ओढा, जंक्शन बॉक्स उघडा. दोन ओढ-बॉक्सांमध्ये ३० मीटरपेक्षा जास्त अंतर आणि ९० अंशांची दोनपेक्षा जास्त वळणं ठेवू नका. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट, म्हणजे सुमारे २५ मिमी. २५ मिमीच्या पाइपातून कॅट ६ च्या चार, फार तर पाच केबल न्या. सहावी घुसते, पण वेष्टण सोलवटत घुसते.

विजेच्या केबलपासून समांतर जाताना किमान २०० ते ३०० मिमी अंतर ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. एकाच केसिंगमध्ये वीज आणि डेटा, मधे पत्र्याचा पडदा नसताना, कधीही टाकू नका, ठेकेदाराने कितीही सांगितलं तरी. फॉल्स सीलिंगच्या जाळीवर केबल पसरू नका. स्लॅबला हुक मारून १.२ ते १.५ मीटरवर आधार द्या. बांधायला वेल्क्रो पट्टी. प्लास्टिकचा टाय पकडीने घट्ट आवळला की आतली जोडी चेपते आणि चाचणीत रिटर्न लॉस (परत फिरणारा सिग्नल) नापास होतो.

मजल्यांमधून जाणाऱ्या शाफ्टमध्ये काम संपलं की प्रत्येक भोक फायर सीलंटने बुजवा. २१ जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीत चौथ्या मजल्यावरून वरचे मजले पेटत गेले, हे मुंबईतल्या कोणालाही सांगावं लागत नाही. उघडा शाफ्ट आग लागली की चिमणीसारखा वागतो. नवीन केबल ओढायला सीलंट उकरला असेल तर त्याच दिवशी परत भरा, सोमवारवर ढकलू नका.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल नको. दोन्हीकडच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे आणि पावसाळ्यातल्या विजेमुळे पोर्ट जळतात. तिथे आर्मर्ड सिंगल-मोड फायबर एचडीपीई (टणक प्लास्टिक) डक्टमधून न्या आणि डक्टची दोन्ही तोंडं प्लगने बंद करा. उघड्या डक्टमधून आधी पाणी येतं, मग उंदीर. पावसाळ्यात रस्ता खोदायला परवानगी मिळत नाही, त्यामुळे फाटकाबाहेरचं खोदकाम असेल तर अर्ज हिवाळ्यातच करा.

जॅक पंच करणं

पुढची दहा वर्षं या दोन मिनिटांच्या कामावर चालतात. वेष्टण ३० ते ४० मिमी सोला. ब्लेड वेष्टणातून आत जाऊन आतल्या वायरवर चरा पडला असेल तर तेवढं कापून पुन्हा सोला. मधली प्लास्टिकची फुली वेष्टणाच्या काठाशी छाटा. टी५६८बी पद्धतीत क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकवर ए आणि बी असे दोन रंगपट्टे छापलेले असतात. संपूर्ण इमारतीत एकच पट्टा पाळा.

जोडीचा पीळ उलगडायचा तो १३ मिमीपेक्षा कमी. वायर खाचेत बसवा, पंच टूलची कापणारी बाजू बाहेरच्या बाजूला ठेवा आणि सरळ दाबा. टक असा आवाज आला आणि टोक उडून पडलं की वायर बसली. तिरका दाबला तर वायर अर्धवट बसते. आज चालते, सहा महिन्यांनी दमट हवेत काळी पडून सुटते. वेष्टण जॅकच्या आत शिरलेलं दिसलं पाहिजे, पीळ सुटलेल्या जोड्या बाहेर लोंबता कामा नयेत. बॉक्समध्ये सुमारे ३० सेंमी केबल वळा करून ठेवा, म्हणजे पुढे जॅक बदलता येतो. पॅच कॉर्ड (जॅक किंवा पॅनेलपासून उपकरणापर्यंतची छोटी केबल) कारखान्यातली घ्या, जागेवर क्रिम्प करू नका.

लेबल छापील हवं. ०४-अ-०३-१७ म्हणजे चौथा मजला, अ रॅक, तिसरा पॅनेल, सतरावा पोर्ट. हाच क्रमांक फेसप्लेटवर, पॅनेलवर आणि केबलच्या दोन्ही टोकांना. बॉलपेनने टेपवर लिहिलेलं एका पावसाळ्यात पुसट होतं. लेबलवर कार्यासनाचं किंवा अधिकाऱ्याचं नाव घालू नका. नाव बदलतं, भिंत बदलत नाही.

चाचणी आणि मोजमाप पुस्तक

आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर फक्त वायर पोहोचली का एवढंच सांगतो. दोन वेगळ्या जोड्यांतल्या वायरी एकत्र गेल्या (स्प्लिट पेअर) तर आठही दिवे लागतात आणि नेटवर्क मात्र रडतं. प्रमाणन करणाऱ्या मशीनने, पर्मनंट लिंक (पॅनेलपासून भिंतीतल्या जॅकपर्यंतची कायमची केबल) पद्धतीत, प्रत्येक पॉइंट तपासा: वायर मॅप, लांबी, इन्सर्शन लॉस (वाटेत क्षीण होणारा सिग्नल), नेक्स्ट (एका जोडीतून दुसरीत झिरपणारा सिग्नल), रिटर्न लॉस. पर्मनंट लिंकची मर्यादा ९० मीटर. उरलेले १० पॅच कॉर्डसाठी. मशीनचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र चालू मुदतीचं आहे का ते बघा. अहवाल पीडीएफमध्ये तर घ्याच, मशीनमधली मूळ फाइलही घ्या. पीडीएफमध्ये फेरफार करणं सोपं असतं.

मोजमाप पुस्तकात (एमबी) लांबी भरताना अंदाज नको. केबलच्या वेष्टणावर मीटरचे आकडे छापलेले असतात. ओढताना सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा लिहून घ्या. वजाबाकी म्हणजे लांबी. छत बंद होण्याआधी कनिष्ठ अभियंत्यासोबत मोजा आणि फोटो काढा. नंतर वाद झाला तर छत उघडून दाखवणं कोणालाच परवडत नाही.

बिघाड कसा ओळखायचा

संगणक १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर चालत असेल तर आधी निळी आणि तपकिरी जोडी तपासा. १०० एमबीपीएसला १-२ आणि ३-६ या दोनच जोड्या पुरतात. ४-५ किंवा ७-८ तुटली की लिंक बंद पडत नाही, वेग गुपचूप खाली येतो. वापरणारा महिनोन्‌महिने "ई-ऑफिस हळू चालतं" म्हणत राहतो.

कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री पुन्हा पुन्हा सुरू होतो? रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की त्याला जास्त वीज लागते. लांब किंवा हलकी केबल असेल तर व्होल्टेज पडतं. अख्खा मजला एकदम बंद पडला तर कोणीतरी एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन जॅकमध्ये घातली आहेत का ते बघा. टेबलं हलवल्यानंतरच्या सोमवारी हे हमखास होतं. स्विचवर स्पॅनिंग ट्री (असा फेरा ओळखून तोडणारी सोय) चालू असेल तर नुकसान टळतं. रंगकामानंतर जॅक मेले तर आत डिस्टेंपर गेलेला असतो. रंगाऱ्याआधी प्रत्येक फेसप्लेटवर टेप लावून घ्या.

वर्षातून दोन फेऱ्या

मे महिन्यात छतावरची आणि बाहेरची केबल बघा. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोका दिलेला हवा, म्हणजे पाणी आत न जाता तिथून टपकतं. समुद्राजवळच्या इमारतीत साधा पत्र्याचा ट्रे लवकर गंजतो. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड हवा, आणि कापलेल्या कडांना झिंकचा रंग. ऑक्टोबरमध्ये जॅक उघडून हिरवट थर आलेत का बघा. आले असतील तर जॅक बदला, घासून वेळ काढू नका.

रॅकचं अर्थिंग ६ चौरस मिमी हिरव्या तांब्याच्या वायरने केलेलं हवं. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज २ च्या आत आहे का ते मीटरने मोजा. रॅकच्या खोलीचा एसी कार्यालय सुटल्यावर बंद होतो का, तेही विचारा. स्विच रात्रभर तापतात आणि दमट हवा आत येते. सकाळी एसी लागला की गार पृष्ठभागांवर पाणी धरतं. फायबरचं टोक जोडण्याआधी दर वेळी पुसा, नुसतं फुंकर मारून नाही. फायबरचे तुकडे झाकणाच्या डबीत टाका. काचेचा कण बोटात किंवा डोळ्यात गेला तर दिसतही नाही.

वापरात नसलेले पोर्ट स्विचवर बंद ठेवा, रॅकला कुलूप लावा, आणि मजल्याचा केबल नकाशा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. छापील प्रत प्लास्टिकच्या पाकिटात रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला, दुसरी कार्यालयाच्या नस्तीत.

जुनी केबल तशीच छतात सोडली की पाच-सहा वर्षांत ट्रे भरतो आणि आगीला इंधन मिळतं. काढताना मात्र आंधळेपणाने कापू नका. त्याच जुडग्यात ईपीएबीएक्स (कार्यालयातलं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) किंवा फायर अलार्मची वायर असते. टोन जनरेटरने (वायरमध्ये आवाजाचा संकेत सोडणारं यंत्र) दोन्ही टोकं शोधा, खूण करा, मगच कापा. निघालेलं तांबं शासनाचं आहे. वजन करून, पावती घेऊन भांडार विभागात जमा करा आणि निर्लेखनाच्या नोंदवहीत त्याच दिवशी नोंद घ्या.