द्राक्षाच्या ग्रुपवर प्रश्न कसा विचारायचा

"पानावर डाग आलेत, काय मारू?" एवढाच मेसेज, खाली एक अंधूक फोटो. ऑक्टोबर छाटण्या सुरू झाल्या की आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हे रोजचंच. अर्ध्या तासात डझनभर औषधांची नावं येतात, आणि जो तो आपापल्या बागेचं बोलत असतो. विचारणाऱ्याच्या बागेचं कुणालाच ठाऊक नसतं, कारण त्यानं ते सांगितलेलंच नसतं.

म्हणून पहिल्याच ओळीत छाटणीला किती दिवस झाले ते लिहा. पोंगा, दोडा, फुलोरा, मण्यात पाणी उतरणं हे वाढीचे टप्पे; टप्पा बदलला की त्याच डागाचं उत्तर बदलतं. मग जात लिहा: थॉमसन, माणिक चमन, सुपर सोनाका, जी असेल ती. जमीन काळी की मुरमाड, आठवड्यात पाऊस झाला का, दव पडतंय का. आणि शेवटच्या तीन फवारण्या. ही माहिती लोक हटकून लपवतात, का ते देव जाणे. खरं तर अर्ध्या प्रश्नांचं उत्तर तिथंच असतं.

फोटो एकाच पानाचे दोन हवेत, वरून आणि खालून. दावण्या हा बुरशीचा रोग असेल तर वर तेलकट पिवळा डाग आणि बरोबर त्याच्या खाली पांढरी बुरशी. भुरी, हाही बुरशीचाच रोग, राखेसारखी पसरते. नुसता वरून काढलेला फोटो बघून खात्रीनं सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून चार हात लांबच राहा. फोटो सकाळी लवकर काढा, बुरशी तेव्हा ताजी असते. तिसरा फोटो अख्ख्या वेलीचा टाका. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याकडं, हे त्यात दिसतं. मॅग्नेशियम कमी पडलं तर जुनी पानं आधी पिवळी पडतात, लोह कमी पडलं तर कोवळी. तिथं बुरशीनाशक मारून पैसेच जातात.

उत्तरं यायला लागली की लगेच पंपाकडं धावू नका. सांगणाऱ्याला उलट विचारा: तुमची बाग तेव्हा किती दिवसांची होती, आणि मारल्यावर काय झालं? ज्यानं स्वतः मारलंय तो दोन ओळी लिहितो. ज्याला विकायचंय तो पुन्हा नावच पाठवतो. औषध दुकानदार ग्रुपवर असावेत, त्यांना पुष्कळ कळतं. फक्त बोलणारा दुकानदार आहे हे आपल्याला माहीत असावं. शिवाय नाशिककडच्या निफाडच्या थंडीत जे चाललं ते आमच्याकडं तसंच चालेल असं नाही. जवळच्या, आपल्यासारख्या जमिनीवाल्याचं मत आधी धरा आणि जमलं तर गाडी काढून त्याची बाग बघून या. 'तास-ए-गणेश' ही जात आमच्याच तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या बागेत निवडली गेली, सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांच्याकडं. मोबाईल नव्हता, तरी या जाती बांधाबांधानं पसरल्या.

एका बाबतीत मात्र ग्रुपचं ऐकूच नका: निर्यातीच्या मालावर काय चालतं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांची शिफारस केलेल्या औषधांची यादी फोनमध्ये ठेवा आणि फवारणी ते काढणी किती दिवस सोडायचे ते त्यातच बघा. २०१० मध्ये सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली. वाढ रोखायला ते सगळेच वापरत होते, कुणाला वावगं वाटत नव्हतं. पन्नास जणांनी "चालतंय" म्हटलं म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल बदलत नाही.

आता ज्या कामात जवळजवळ सगळेच अंग चोरतात, ते. फवारणीनंतर आठवड्यानं त्याच पानांचा फोटो, त्याच प्रश्नाला रिप्लाय करून टाका. गुण आला नसेल तर जरूर टाका. ग्रुपमध्ये हजारभर माणसं असतात, पुढच्या वर्षी त्यातला कुणीतरी "दावण्या ४० दिवस" असं शोधेल. त्याला प्रश्नासोबत निकालही सापडला पाहिजे. म्हणून शब्दांत लिहा, व्हॉइस मेसेज शोधून सापडत नाही. हंगाम संपल्यावर फवारणीच्या वहीची पानंही टाका, आणि ती खरड छाटणीच्या, म्हणजे एप्रिलमधल्या छाटणीच्या आधी. पुढच्या वर्षीचं औषधपाणी माणसं तेव्हाच ठरवत असतात.