दुधाच्या पिशवीतून हायड्रोजन: निकेल उत्प्रेरकाची प्रयोगशाळेतली कृती

ही कृती फक्त सुसज्ज प्रयोगशाळेसाठी आहे. फ्यूम हूड (विषारी वायू बाहेर ओढून घेणारं कपाट) आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर करू नका.

एकावर एक दोन नळीभट्ट्या लागतात. वरच्या भट्टीत हवेविना प्लास्टिक तापून त्याची वाफ होते. खालच्या भट्टीत ती वाफ पाण्याच्या वाफेसोबत निकेलवरून जाते. सगळं नीट जुळलं तर १ ग्रॅम पॉलिथिलीनमागे हिशेबाने ०.४३ ग्रॅम हायड्रोजन निघतो, आणि त्यातला दोन तृतीयांश पाण्यातून आलेला असतो. प्रत्यक्षात याहून कमीच मिळतो.

प्लास्टिक. दुधाच्या पिशव्या पॉलिथिलीनच्या असतात, म्हणून सुरुवातीला त्याच बऱ्या. साबणाने स्निग्धांश काढा, वाळवा आणि २–३ मिलिमीटरचे तुकडे करा. मिश्र कचरा असेल तर पाण्यात टाका: पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पीव्हीसी आणि पीईटी बुडतात. पीव्हीसीचा एक तुकडाही नको. त्यातून सुटणारं हायड्रोजन क्लोराइड नळी खातं आणि निकेल निकामी करतं.

उत्प्रेरक. १० ग्रॅमसाठी निकेल नायट्रेट हेक्झाहायड्रेट ५ ग्रॅम, गॅमा अॅल्युमिना (सच्छिद्र अॅल्युमिनियम ऑक्साइड) ९ ग्रॅम. निकेल नायट्रेट पाण्यात विरघळवून अॅल्युमिनात मिसळा, ८० अंशांवर ढवळत आटवा, १०५ अंशांवर रात्रभर वाळवा आणि ५०० अंश सेल्सिअसला चार तास भाजा. भाजताना तपकिरी, विषारी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. तापमान फार वाढवलं तर निकेल अॅल्युमिनात रुतून बसतं आणि मग त्याचं सहज क्षपण (ऑक्सिजन काढून धातू मोकळा करणं) होत नाही. दाबून, फोडून, चाळून अर्धा ते एक मिलिमीटरचे दाणे घ्या. भुकटी नळीत तुंबते. निकेलची धूळ कर्करोगकारक आहे, मास्क आणि हातमोजे घालाच.

पाण्याचा हिशेब. प्रयोग इथेच फसू शकतो. १ ग्रॅम पॉलिथिलीनला पूर्ण अभिक्रियेसाठी सुमारे २.६ ग्रॅम पाणी लागतं. कार्बन साठू नये म्हणून दीडपट, म्हणजे ३.९ ग्रॅम धरा. पंप ताशी ५ मिलिलिटरवर ठेवून तासभरात ५ ग्रॅम पाणी दिलं की काम झालं, असं वाटतं. पण मिनिटाला १० अंशांनी तापवलं तर प्लास्टिकची जवळजवळ सगळी वाफ सुमारे ४२० ते ५०० अंशांदरम्यान, म्हणजे आठेक मिनिटांत सुटते. तेवढ्या वेळात या पंपाने जेमतेम ०.७ ग्रॅम पाणी जातं. बाकीचा कार्बन निकेलवर बसतो. म्हणून त्या आठ मिनिटांत पंप मिनिटाला ०.५ मिलिलिटरच्या आसपास हवा, किंवा प्लास्टिक कमी घ्या.

पाणी थेंबाथेंबाने तापलेल्या नळीत पडलं तर दाब उसळ्या मारतो. पाणी सोडणाऱ्या सुईचं टोक गरम क्वार्ट्झ वूलला (उष्णता सोसणाऱ्या काचेच्या तंतूंच्या बोळ्याला) टेकवून ठेवा.

प्रयोग. खालच्या नळीत अर्धा ते एक ग्रॅम उत्प्रेरक भरा, वर १ ग्रॅम प्लास्टिक. मिनिटाला १०० मिलिलिटर नायट्रोजनने २० मिनिटं हवा काढा. प्लास्टिक थंड असतानाच खालची भट्टी ८०० अंशांवर न्या, नायट्रोजनमध्ये ५–१० टक्के हायड्रोजन मिसळून तासभर क्षपण करा आणि मग केवळ नायट्रोजन चालू ठेवा. त्यानंतरच वरची भट्टी तापवायला घ्या. क्रम उलटला तर प्लास्टिकच्या वाफेतलं न फुटलेलं मेण निकेलवर चिकटतं. वाफ सुटण्याच्या मिनिट-दोन मिनिटं आधी पाणी सुरू करा. फार आधी केलं तर नुसत्या वाफेने निकेल पुन्हा ऑक्सिडाइझ होतं. दोन भट्ट्यांमधला जोड थंड राहिला की मेण तिथे गोठतं, म्हणून त्यालाही हीटिंग टेप गुंडाळा.

बाहेर येणारा वायू बर्फात ठेवलेल्या सापळ्यातून (पाणी आणि मेण अडवणाऱ्या बाटलीतून) वायू साठवायच्या पिशवीत घ्या. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि अर्ध्या तासाचा नायट्रोजन मिळून १० लिटरची पिशवी कमी पडू शकते, २५ लिटरची वापरा. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) वाहक वायू म्हणून आर्गॉन ठेवा. नायट्रोजनचा प्रवाह ठाऊक असल्याने त्याच्या टक्केवारीवरून एकूण वायू काढता येतो.

याला हरित हायड्रोजन म्हणू नका: १ ग्रॅम हायड्रोजनमागे भट्टीची वीज सोडूनही सुमारे ७.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो.

थंड करताना. तापमान ३०० अंशांखाली येण्याआधी नायट्रोजनने नळी पूर्ण धुऊन घ्या. कमी तापमानाला निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड मिळून निकेल कार्बोनिल बनतं, आणि ते अतिविषारी आहे. पूर्ण थंड झाल्यावरही हवा हळूहळूच आत सोडा, कारण क्षपित निकेल हवेत पेट घेऊ शकतं.