देवराईत ‘काहीतरी करायला’ निघालात? या चुका टाळा

आधी कबुली. पहिल्यांदा देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, श्रमदानाला गेलो तेव्हा आम्ही वीस जणांनी अर्ध्या दिवसात तिथला पालापाचोळा लख्ख झाडून काढला, ढीग केला आणि पेटवला. फोटोही काढले. गुरव कडेला उभे राहून बघत होते. निघताना एवढंच म्हणाले, “झालं? आता आईला थंडी वाजेल.” तो टोमणा होता हे कळायला मला दोन पावसाळे लागले.

देवराईचं नुकसान कुऱ्हाडीने होतं हे सगळ्यांनाच माहीत असतं. हौसेने होणारं नुकसान मात्र कुणी मोजत नाही, म्हणून हा लेख.

झाडू

पाचोळा म्हणजे केर नव्हे. पावसाचं पाणी तोच अडवतो, मुरवतो. कोकणातले कितीतरी पऱ्हे आणि झरे रायीतूनच सुरू होतात. १९७०च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक देवरायांचा अभ्यास करत होते. तेव्हा श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या लोकांनी, आमची राई तोडीला लागली आहे, ती वाचवा, असं त्यांना कळवलं होतं. देवाचा धाक होताच. पण गावाचं पाणीही त्या रायीतल्या ओढ्यावर होतं. तेव्हा उचलायचंच असेल तर प्लास्टिक उचला, अगरबत्तीची पाकिटं उचला आणि लोक आणून टाकतात ते देवांचे फुटक्या काचांचे फोटो उचला. पान तिथेच राहू द्या.

वठलेल्या झाडांचंही तेच. ‘धोकादायक’ म्हणून जुना, पोकळ बेहडा पाडला, तर धनेश पक्ष्याने घरटं कुठे करायचं? मादी ढोलीत स्वतःला चिणून घेते आणि नर फटीतून तिला भरवत राहतो. तशी ढोली तयार व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात. गारंबीच्या वेलालाही लोक बांडगूळ समजून तोडतात. ती बांडगूळ नाही. मीटरभर लांब शेंगांची ती वेल हे राई जुनी असल्याचं लक्षण आहे.

रोपं

जुलै आला की रोपांनी भरलेला टेंपो येतो. गुलमोहर, शोभेचा उंच अशोक, ग्लिरिसिडिया, ऑस्ट्रेलियन बाभूळ, नर्सरीत जे असेल ते. चांगल्या राईत झाड पडून मोकळी जागा झाली, तर तिथे काहीही लावू नका. खाली वाकून बघा. जांभळाची, किंजळाची, साताविणीची रोपं आधीच उगवलेली असतात, फक्त गुरांपासून राखावी लागतात. कडेचा पट्टा अगदीच उजाड झाला असेल, तरच त्याच राईतल्या बिया गोळा करून लावा.

जीर्णोद्धार

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती बाहेरचे लोक करत नाहीत. मुंबईतले चाकरमानी वर्गणी काढतात. देव इतकी वर्षं कौलाखाली किंवा उघड्यावर बसलाय याची त्यांना मनापासून लाज वाटते. मग स्लॅबचं देऊळ, त्यापुढे सभामंडप, ट्रक यायला रस्ता, गाड्या लावायला जागा, पेव्हर ब्लॉक आणि रात्रभर जळणारा हॅलोजन. यात कुणाची श्रद्धा कमी नसते. म्हणूनच ‘तुम्ही जंगल मारताय’ असं सभेत ओरडलात तर पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी विचारणार नाही.

बोलायचं ते आराखडा कागदावर यायच्या आधी, आणि मानकऱ्यांशी. देऊळ आहे त्याच चौथऱ्यावर बांधा, मंडप आणि वाहनतळ राईच्या बाहेर घ्या, सामान शेवटच्या टप्प्यात डोक्यावरून न्या, एवढंच मागा. देवाला कौल लावायची, म्हणजे त्याची संमती विचारायची, पद्धत असेल, तर झाड तोडण्याआधी कौल घ्या असं सुचवायला हरकत नाही. नियम देवाचेच आहेत, आपण फक्त आठवण करून देतोय. माझ्या अनुभवात देव झाडांच्या बाजूने बऱ्याचदा बोलतो, गुरवही बोलतात.

सभा कुठे घेता?

देवळात घेतली तर काही गावांत बायका येणारच नाहीत, कारण त्या राईत त्यांना जायची रीत नसते. धनगरवाड्यावर निरोप पोचत नाही. आणि झरा पूर्वी कुठल्या महिन्यापर्यंत वाहायचा, आता कधी आटतो, हे हंडा उचलणाऱ्या बाईलाच नेमकं ठाऊक असतं. वाडीवर, रात्री जेवणं आटोपल्यावर बसा.

सातबारा न बघता समिती

राई ‘गावाची’ असते, पण कागदावर ती सरकारची, वनखात्याची, देवस्थानची किंवा पंधरा हिस्सेदारांची निघू शकते. खाजगी असेल तर एखादा हिस्सेदार लाकूड व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो आणि गावकी बघत राहते. आधी उतारा काढा. मग २००२च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत जी जैवविविधता समिती असायला हवी, ती जागी करा आणि तिच्या जैवविविधता नोंदवहीत राईचं पान भरून घ्या. जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जाही मिळू शकतो: दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याची रानजायफळाची दलदल जेमतेम २.५९ हेक्टरची, तरी तिला तो मिळाला.

दर्जा मिळाला की गर्दी येते, त्याची तयारी आधीच हवी. आंबोलीत महादेवाच्या देवळाजवळच्या पाण्यात २०२०मध्ये माशाची नवी जात नोंदली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी. अशा कुंडात निर्माल्य टाकणं किंवा साफसफाई म्हणून ब्लीचिंग पावडर ओतणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

तरीही अडलंच तर

वाऱ्याने झाड पडलं आणि लाकडावरून भांडण लागलं, तर जुनी रीत विचारा. कुठे ते तिथेच कुजू देतात, कुठे फक्त देवळाच्या कामाला घेतात. रीत कुणालाच आठवत नसेल तर तिथेच पडून राहू द्या.

वणवा अडवायला जाळपट्टी (गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा) राईच्या बाहेर काढा, आत नाही, आणि फेब्रुवारी उजाडायच्या आत काढा. विझवायला कोण येणार, हेही तेव्हाच ठरवा. मार्चमधल्या दुपारी गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरंच असतात, तेव्हा शेजारच्या दोन वाड्यांतल्या धावू शकणाऱ्या माणसांचे नंबर गुरवांच्या फोनमध्ये भरून ठेवा.