प्रदर्शनं पाहिली, सहली झाल्या, तरी कागद कोराच? या चुका टाळा

फोनमध्ये प्रदर्शनांचे आणि अभ्याससहलीचे चारशे फोटो, आणि बोर्डावर कंपोझिशनचा कागद कोरा. कला महाविद्यालयात फाउंडेशनपासून (पायाभूत वर्गापासून) शेवटच्या वर्षापर्यंत ही तक्रार प्रत्येक वर्गात ऐकू येते. 'काही सुचतच नाही' म्हणणाऱ्याने पाहिलेलं भरपूर असतं, पण चित्रासमोर किंवा जागेवर उभं राहून एकही निर्णय घेतलेला नसतो. कुठली रेघ घ्यायची आणि कुठली सोडायची, हे फोटो काढताना ठरवावंच लागत नाही. पेन्सिल हातात घेतली की लागतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

एका दिवसात अख्खा काळा घोडा

मुंबईच्या काळा घोडा भागात सकाळी जहांगीर कलादालन, मग रस्त्यापलीकडचं एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय), दुपारी वस्तुसंग्रहालय, संध्याकाळी कुलाब्यातल्या दोन-तीन खासगी गॅलऱ्या. एकट्या जहांगीरमध्येच एका वेळी पाच-सहा प्रदर्शनं सुरू असतात. तिसऱ्या दालनानंतर डोळे पाहतात, पण डोकं घेत नाही.

एका फेरीत दोन प्रदर्शनं पुरे. पहिली पंधरा मिनिटं हात खिशात घालून नुसतं फिरा. मग तीन चित्रं निवडा आणि प्रत्येकाला वीस मिनिटं द्या. तीनपैकी एक मुद्दाम न आवडलेलं असू द्या. ते का खटकतं हे लिहायला बसलं की स्वतःची आवड स्पष्ट होते.

वारही सांभाळावा लागतो. जहांगीरमधली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार, आठवडाभराची असतात. मंगळवारी उद्घाटनाच्या गर्दीत चित्रांपेक्षा लोकांच्या पाठी जास्त दिसतात. सोमवारी संध्याकाळी चित्रं उतरवायची घाई असते, आणि त्याच दिवशी एनजीएमए बंद. बऱ्याच खासगी गॅलऱ्या रविवारी बंद असतात. म्हणून बुधवार ते शुक्रवार, सकाळी अकराची वेळ उत्तम. खासगी गॅलरीचं काचेचं बंद दार आणि बेल पाहून विद्यार्थी बाहेरूनच परत फिरतात. बेल दाबा, आत तिकीट नसतं. जानेवारी-फेब्रुवारीतल्या काळा घोडा महोत्सवात मात्र चित्रं पाहायला जाऊ नका, माणसांची झटपट स्केचेस करायला जा. एवढ्या तऱ्हेची गर्दी एरवी फुकट मिळत नाही.

फोटो काढला म्हणजे चित्र पाहिलं

गॅलरीतले स्पॉटलाइट पिवळसर असतात. फोन तो पिवळेपणा आपल्या मनाने काढून टाकतो, गडद भाग उजळतो, आणि सहा फुटी कॅनव्हास तळहाताएवढा करून देतो. चित्राचं आकारमान, थर आणि सगळ्यात खोल अंधार, या तिन्ही गोष्टी फोटोत हरवतात.

चित्रकार हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' घ्या. हातातल्या दिव्याला दुसऱ्या हाताचा आडोसा केलेली ती स्त्री कॅलेंडरवर सगळ्यांनी पाहिलेली असते. छापील प्रतीवरून कित्येक जण ते तैलचित्र समजतात, काही तर राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं मूळ चित्र जलरंगातलं आहे. म्हणजे प्रश्नच बदलतो. जलरंगात उजेड वरून लावला जात नाही, तो कागदाचा राखून ठेवावा लागतो. मग एवढ्या अंधारात तो राखला कसा? असा प्रश्न पडला तर महिनाभराचं काम मिळतं.

अमूर्त चित्रकार गायतोंड्यांच्या कॅनव्हासचंही तसंच. ते रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावत आणि काढत. समोरून पाहिलं तर एकच शांत पृष्ठभाग दिसतो. भिंतीच्या जवळ जाऊन कडेने तिरकं पाहिलं की कुठला थर आधीचा, कुठला नंतर खरवडलेला, ते कळायला लागतं.

निवडलेल्या प्रत्येक चित्रासमोर हे करा:

- आधी चित्राच्या लांबीच्या तिप्पट अंतरावर, मग हातभर अंतरावर, मग बाजूने तिरकं उभं राहा. पाठीवरची सॅक पुढे घ्या, मागच्या कॅनव्हासला घासणारी वस्तू हमखास तीच असते.
- ए-फाइव्ह (A5) आकाराच्या स्केचबुकात ६-७ सेंटिमीटरपेक्षा मोठा नाही असा, चित्राच्याच प्रमाणातला चौकोन आखा. ४बी (मऊ, गडद) पेन्सिलने फक्त तीन टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या, टाका: कोरा कागद, मधला, गडद. वेळ पाच मिनिटं. मोठा चौकोन घेतलात की तपशील भरत बसाल.
- खाली नाव, माध्यम, माप, तारीख. लेबलवर माप नसेल तर लांबूनच वितीचा अंदाज घ्या.
- एक प्रश्न लिहा, पण चित्र कसं केलंय त्याबद्दलचा. 'सुंदर वातावरण' ही नोंद निरुपयोगी. 'खांद्याची कडा कुठे विरघळवली आणि कुठे धारदार ठेवली?' ही उपयोगी.

फोटो शेवटी काढा, विचारून. संग्रहालयात शाईचं पेन आणि ओले रंग बाहेर काढू नका, पेन्सिल बहुतेक ठिकाणी चालते.

चित्रकाराला 'याचा अर्थ काय' विचारणं

प्रदर्शनात चित्रकार बहुधा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला असतो. 'सर, इन्स्पिरेशन कुठून मिळालं?' असं विचारलं की ब्रोशरमधलाच मजकूर तोंडी ऐकायला मिळतो. दोष त्याचा नाही, आठवडाभर तोच प्रश्न येत असतो. त्याऐवजी: 'सर, या चित्राची सुरुवात कुठून झाली?' 'मॅडम, हा काळा ट्यूबमधला की अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा?' 'या मालिकेतलं कुठलं चित्र इथे लावलं नाही, आणि का?' शेवटच्या प्रश्नावर खुर्ची पुढे सरकते, चहाही येतो.

समोर ग्राहक उभा असेल तर मधे तोंड घालू नका. पहिल्याच भेटीत फोनवर स्वतःची चित्रं दाखवू नका. स्टुडिओत यायची परवानगी मिळाली तर दोघे जा, बाराजण नको, आणि मूळ कामं न्या, चार-पाच पुरतात. ऐकलेलं तासाभरात लिहून काढा. लोकलमध्ये बसेपर्यंत निम्मं गेलेलं असतं.

अजिंठ्याला पिकनिकसारखं जाणं

महाराष्ट्रातल्या कला विद्यार्थ्याची एक तरी सहल इथे होते, आणि सगळ्यात जास्त वायाही हीच जाते.

पहिली गफलत वेळापत्रकाची. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. संभाजीनगरहून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर. गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबते, पुढे तिथली बस. सकाळी नऊला निघालेली तुकडी लेण्यांत ऐन गर्दीच्या वेळी पोचते. मुक्काम फर्दापुरात केला तर सकाळचे दोन शांत तास मिळतात. बसून स्केच करायचं असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर पुरातत्त्व खात्याकडे आधीच अर्ज करा. ट्रायपॉडला परवानगी लागतेच. चित्रांच्या लेण्यांत बूट काढावे लागतात, मोजे असू द्या. फ्लॅशला बंदी आहे.

दुसरी गफलत डोळ्यांची. उन्हातून थेट पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरलं की भिंती काळपट दिसतात आणि 'काहीच उरलं नाहीये' म्हणत मुलं बाहेर पडतात. अंधाराला डोळे सरावायला निदान दहा मिनिटं लागतात. तोवर खांबांवरचं कोरीवकाम पाहा. मग गाभाऱ्याच्या दाराशी, डावीकडे बोधिसत्त्व पद्मपाणीचं चित्र हळूहळू वर येतं.

तिसरी, सगळंच उतरवून घ्यायचा हव्यास. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात इथे नकला केल्या, आणि त्यातल्या बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या. त्यांनी वर्षं घालवली, तुमच्याकडे पाच तास आहेत. म्हणून एक हात घ्या. पद्मपाणीचा कमळ धरलेला, किंवा सतराव्या लेण्यातल्या आरसा पाहणाऱ्या राणीजवळच्या दासीचा. पाच मिनिटं नुसतं पाहा. मग ओसरीच्या सावलीत, उन्हाकडे पाठ करून, आठवणीने काढा. उन्हाकडे पाहिलंत तर डोळे पुन्हा शून्यावर. परत आत जाऊन चुका तपासा. तीन फेऱ्यांत एकच हात काढा. अजिंठ्याची बोटं सांध्यांवर मोडत नाहीत, वेलीसारखी वळतात, हे दुसऱ्या फेरीत हाताला कळतं.

चौथी चूक जर्नलमध्ये दिसते: 'अजिंठ्याची फ्रेस्को'. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग बसतो. इथे माती, तूस आणि तंतूंच्या लेपावर पांढरा पातळ थर देऊन तो वाळल्यावर चिकट माध्यमात रंग लावले आहेत. फरक पाठ करण्यापेक्षा एक फरशी करून पाहा. १५ सेंटिमीटर चौरस खरबरीत कौल भिजवा. तीन भाग चाळलेली माती, एक भाग बारीक वाळू, मूठभर तूस मळून सेंटिमीटरभर लेप द्या आणि सावलीत तीन-चार दिवस वाळवा. भेगा पडल्या तर माती जास्त झाली, वाळू आणि तूस वाढवा. मग पातळ चुन्याचे दोन हात द्या (हातमोजे घाला, चुना डोळ्यांपासून लांब ठेवा). वाळल्यावर गेरू, पिवळी माती आणि काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून रंगवा. काजळी पाण्यावर तरंगते, म्हणून ती आधी दाट डिंकात खलावी लागते. वाळलेल्या रंगाची भुकटी बोटाला आली तर डिंक कमी, चकाकून पोपडा सुटला तर जास्त.

वाई, मेणवली, नाशिक: रंगकामात काय बिघडतं

या गावांतल्या नदीच्या घाटावर केलेलं चित्र खोलीवर आणलं की काळवंडलेलं दिसतं. कारण रंगवताना कागदावर थेट ऊन होतं. उजळ कागदावर सगळं फिकं वाटतं आणि हात गडद लावत जातो. बोर्ड सावलीत धरा. छत्री काळी किंवा पांढरी घ्या. निळ्या-लाल छत्रीचा रंग कागदावर उतरतो.

सावल्या सरकल्यामुळे चित्र फसतं ते वेगळं. तासाभरात ऊन इतकं फिरतं की पायऱ्यांवर दोन दिशांच्या सावल्या येतात. रेखाटन झाल्या झाल्या सावल्यांची कड पेन्सिलने पक्की करा आणि मग त्या बदलू नका. पाव शीट, म्हणजे ११×१५ इंच, ३०० जीएसएमचा (जाड) कागद दोन तासांत होतो. अर्धं शीट सहलीत बहुधा अपुरंच परत येतं.

एप्रिल-मेमध्ये वॉश (पातळ रंगाचा सलग हात) अर्ध्यातच सुकून कडक कड पडते. रंग आधीच भरपूर कालवून ठेवा आणि मोठा ब्रश घ्या. पावसाळ्यात कोकणात उलटं होतं, वॉश तासभर ओला राहतो, त्यात पाणी पडलं की फुलकोबीसारखे डाग उमटतात. त्या दिवसांत कोळसा किंवा गुआश (अपारदर्शक जलरंग) बरं.

आणि दीपमाळ? प्रत्येक बॅच तीच काढते. काढा, पण त्याच बैठकीत ओल्या पायरीवरचा पाण्याचा पट्टा किंवा वाळत घातलेली लुगडी यांचीही दोन थंबनेल (छोटी झटपट स्केचेस) करा.

परत आल्यावर बॅग तशीच ठेवणं

दोन दिवसांच्या आत बसा. स्केचबुकातला एकच प्रश्न निवडून ए-थ्री (A3) कागदावर एक स्टडी करा. आवडलेल्या चित्रकाराचा एक निर्णय उचला, उदाहरणार्थ कडा विरघळवणं, आणि विषय, माप, रंगसंगती स्वतःची ठेवा. चारही गोष्टी त्याच्याच आल्या तर ती नक्कल झाली. सरावाला नक्कल चालते, मागे 'अमुक यांच्या चित्रावरून' असं लिहून ठेवा आणि प्रदर्शनाला पाठवू नका.

फोटोंमधले बारा निवडा, ४×६ इंचात कृष्णधवल छापून घ्या आणि जागेवर केलेल्या थंबनेलसमोर चिकटवा. जिथे दोघांचे टोन जुळत नाहीत तिथे लाल पेन्सिलने गोल करा. पुढच्या ए-थ्रीची सुरुवात त्या गोलापासून करा.